सुताराचा पाय

४ फेब्रुवारी

बाइंडरकाकांना नमस्कार.

पत्र कुणाचं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही पाकीट उलटसुलट करत बसाल. मी तुमच्या मावसभावाची, ग्रंथपालांची मुलगी. तुमच्या दुकानात टेबलाखाली बसून खळीच्या डब्यात बोट घालून चाटणारी. तुम्ही मला खळखाऊ म्हणायचात. आता चाळिशी आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवते. खळ सोडली त्याला बरीच वर्षं झाली.

काम साधंच आहे. मी हल्ली कप्तानाच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या आहेत. तीच ती चौदा पुस्तकांची मालिका, शिडाची जहाजं, आरमार, तोफा. लायब्ररीतला जुना संच आहे. चौथ्या पुस्तकातला मधला गठ्ठाच शिवणीतून सुटून हातात आला. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तुमच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली आणि तुमची आठवण झाली. पत्ता आईच्या जुन्या वहीत मिळाला. चिकटपट्टी लावून चालेल का, एवढंच विचारायचं होतं. फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही असं कळलं.

तुमची,
खळखाऊ


११ फेब्रुवारी

चि. खळखाऊ हिस आशीर्वाद.

चिकटपट्टी लावलीस तर तुझा माझा संबंध संपला. तीन वर्षांत ती पिवळी पडते, कागद खाते, आणि सोलायला गेलं की अक्षरं घेऊन येते. तुझ्या काचेवर कुणी खिळ्याने रेघ मारली तर तुला कसं वाटेल? तसं मला वाटतं.

आता नीट वाच. सुटलेला गठ्ठा बाहेर काढ. घडीवर जुनी भोकं असतील, नवी पाडू नकोस. जाड सुती दोऱ्याला मेण लाव, आतून बाहेर, बाहेरून आत असं शिव, आणि शेवटची गाठ आतल्या बाजूला मार. घडीच्या पाठीला मैद्याची पातळ खळ लाव आणि पुस्तक दोन फळ्यांमध्ये दाबून एक दिवस ठेव. खळ चाटू नकोस, त्यात मोरचूद घालायचा असतो. लहानपणी तू चाटायचीस तेव्हा मी तुझ्यासाठी वेगळा डबा ठेवायचो, हे तुला ठाऊक नसेल.

दुसरं म्हणजे क्रम. या लेखकाने पुस्तकं वाटेल तशी लिहिली. आधी म्हातारा कप्तान लिहिला, तिसऱ्याच पुस्तकात त्याला मारून टाकलं, आणि वाचकांनी हट्ट धरल्यावर मागे मागे जात त्याचं तरुणपण लिहीत बसला. ती छापली त्या क्रमाने वाचलीस तर मेलेला माणूस अकरा पुस्तकं तुझ्यासमोर हिंडत राहील. माणूस आधी नोकरीला लागतो, मग कप्तान होतो, मग मरतो. म्हणून मी पुस्तकांच्या कण्यांवर सोन्यात आकडे उठवले ते कथेतल्या तारखांप्रमाणे. मरतो ते पुस्तक चौदावं. कुणी कितीही मोठ्या तोंडाने दुसरं काही सांगितलं तरी आकडे बघून वाच.

एक शंका. लायब्ररी एका वेळी एक पुस्तक देते. तुझ्या हातात सगळा संच कसा?

तुझे वडील बरे असतील.

बाइंडरकाका


१८ फेब्रुवारी

बाइंडरकाकांना नमस्कार.

पकडलंत. मला खोटं लिहिता येत नाही, आणि तुम्हाला लिहिताना तर मुळीच आलं नाही.

पुस्तकं मी बाबांसाठी आणली आहेत. नोव्हेंबरमध्ये त्यांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. समजतं सगळं. नजर पहिल्यासारखीच करडी आहे, दुकानात मी कुणाचं काम अर्धवट सोडून आले तर त्यांना बघताच कळतं. पण तोंडातून चार-पाच शब्द निघतात, आणि तेही हवे तेव्हा निघत नाहीत. अक्षरं डोळ्यांसमोर पळतात म्हणून वाचताही येत नाही. एकतीस वर्षं लोकांना पुस्तकं काढून देणारा माणूस भिंतीकडे बघत बसलेला मला पाहवेना. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी रोज वाचून दाखवा. दुसरा झटका येऊ शकतो असंही म्हणाले. आला तर किती उरेल, हे ते सांगत नाहीत.

लायब्ररीत हा संच कपाटामागे पडून होता. सहा वर्षांत कुणी नेलेला नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळा घेऊन जा, साहेबांच्या घरी तरी हवा खाईल. सकाळी सात ते आठ आणि दुकानातून आल्यावर सहा ते सात असं वाचते. तुमच्या आकड्यांप्रमाणेच चाललंय. सहावं संपत आलं.

तुमचं नाव मी त्यांच्यासमोर काढलेलं नाही. आई असताना तिने बजावून ठेवलं होतं की या घरात बाइंडरचा विषय नको. कारण कुणीच धड सांगितलं नाही. बाबांनी तुम्हाला 'दाभण' म्हणायचं आणि तुम्ही त्यांना 'शिक्का', एवढं मला आठवतं, आणि मग एके दिवशी दोन्ही नावं घरातून नाहीशी झाली.

चौथं पुस्तक शिवलं. गाठ आतल्या बाजूला मारली. तुम्ही पाहिलंत तर नाक मुरडाल, पण धरून आहे.

खळखाऊ


२० मार्च

चि. खळखाऊ हिस आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. इथे माझ्या मुलाच्या दुकानात वर्षअखेरीची फाइल-बांधणी होती, शिवाय सर्दी झाली होती.

सोबत मेणाचा दोरा आणि दोन सुया पाठवतो. सातव्याची शिवणही कच्ची निघेल, तेव्हा दोरा हाताशी असलेला बरा.

काही गोष्टी कळव. तो ऐकताना डोळे मिटतो की उघडे ठेवतो? शिक्क्याने डोळे मिटले म्हणजे तो लक्ष देऊन ऐकतोय, आणि उघडे ठेवून तुझ्याकडे बघत राहिला तर तुझं काहीतरी चुकतंय. वादळाची प्रकरणं भरभर वाचू नकोस. शिडांच्या दोऱ्यांची नावं गाळू नकोस, तुला ती कंटाळवाणी वाटतील पण त्याला वाटत नाहीत. कुठल्या खुर्चीत बसतो? खिडकीपाशी बसवत असशील तर ऊन पुस्तकाच्या कण्यावर येऊ देऊ नकोस, सोनं उडतं.

आता कितवं चाललंय?

बाइंडरकाका


२९ मार्च

बाइंडरकाकांना नमस्कार.

बाबा उंच हातांच्या खुर्चीत बसतात. डोळे मिटून ऐकतात, त्यामुळे इतके दिवस मला वाटायचं ते झोपतात. दोऱ्यांची नावं मी गाळत होते. तुमचं पत्र आल्यावर पुन्हा वाचायला लागले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटलं. म्हणजे शाबासकीच.

पण आता घोटाळा झालाय आणि तुमच्याकडूनच उलगडा हवाय. नववं घेतलं. त्यात जहाजावरचा सुतार लाकडी पायावर ठकठक करत येतो. आठव्यात तो धडधाकट होता, डोलकाठीवर चढून फाटलेलं शीड सोडवत होता. पाय कधी गेला? आठव्याच्या शेवटची पानं गळालीत की काय म्हणून मोजली, तर आकडे सलग आहेत. बांधताना एखादा गठ्ठा राहून गेला होता का? रागावू नका, विचारतेय फक्त.

आणि बाबांचं काहीतरी वेगळंच सुरू झालंय. नववं उघडलं की ते पुस्तक हाताने सारतात आणि 'दहा' म्हणतात. पहिल्या दिवशी तर स्पष्ट म्हणाले, 'नऊ नाही. दहा.' तीन शब्द सलग! नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. बोलणं शिकवायला बाई येतात, त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आकडे आधी परत येतात, चांगली खूण आहे, आता अकरापासून पुढे न्या. म्हणून मी रोज त्यांच्याकडून अकरा, बारा, तेरा म्हणवून घेते. ते माझ्याकडे असे बघतात, जणू मी ठार वेडी आहे. काल तर पुस्तक जमिनीवर ढकललं आणि रडले. माझे वडील मी आईच्या वेळीही रडताना पाहिले नव्हते.

आईचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. आई गेली तेव्हा तुम्ही आला नाहीत. कागदाची एक चिठ्ठीही नाही. बाबांनी तेरा दिवस रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहिली, दाराशी खुर्ची टाकून बसायचे. तुम्ही त्यांच्या सवयी इतक्या बारकाईने विचारता, आणि ते कसे आहेत हे एकदाही विचारत नाही. मला याचा राग येतो. लिहून मोकळी झाले.

खळखाऊ


६ एप्रिल

चि. खळखाऊ,

तुझ्या बाईंना सांग, आकडे शिकवणं बंद करा. शिक्का मोजत नाहीये. तो मला माझी चूक सांगतोय.

पान गळालेलं नाही. माझ्या हातून आजवर एकही गठ्ठा राहिलेला नाही. माझ्या हातून आकडा चुकला. नववं ते खरं दहावं आणि दहावं ते खरं नववं. तू दहावं उघड, त्यात लढाईत तोफ उलटून सुताराचा पाय जातो. मग नववं वाच, म्हणजे तो लाकडी पायावर येईल. तो बिचारा बावीस वर्षं उलटा चालतोय, माझ्यामुळे.

कसं झालं ते सांगतो. लायब्ररीच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं आणि महिन्याभरात चौदा पुस्तकं बांधून हवी होती. क्रम कथेप्रमाणे लावायचा हा माझा हट्ट. शिक्क्याचं म्हणणं, लेखकाने ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने ऐकावं. बांधणारा मी, म्हणून माझं चाललं. पण सगळी वाचायला सवड कुठे होती? मी प्रत्येकाच्या पहिल्या पानावरची तारीख बघितली आणि तशी रांग लावली. नवव्याच्या पहिल्या पानावर कप्तानाच्या बायकोचं पत्र आहे, वर तारीख घातलेली. मी ती तारीख धरली. ते पत्र बंदराबंदरातून भटकत चौदा महिन्यांनी जहाजावर पोचतं, हे चाळिसाव्या पानावर येतं. मधल्या चौदा महिन्यांत ते दहावं पुस्तक अख्खं घडून जातं. मी पत्र लिहिल्याची तारीख धरली, पोचल्याची धरली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे चहा पीत उभे होते. अध्यक्ष, शाळेचे मास्तर, डॉक्टर. शिक्क्याने रात्रभरात दोन्ही पुस्तकं वाचलेली. तो हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या दाभणाने सुताराला आधी लाकडी पाय दिला आणि मग खरा कापला." सगळे हसले. तोही चेष्टेतच म्हणाला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, तू नुसता शिक्के मारणारा, तुला कारागिरीतलं काय कळतंय. तो म्हणाला, कारागिराने निदान चाळीस पानं वाचावीत. मी कप खाली ठेवला आणि निघालो.

घरी येऊन चाळिसावं पान उघडलं. चूक त्याच संध्याकाळी कळली मला. दुसऱ्या दिवशी आकड्यांचे ठसे घेऊन गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं. मला वाटलं, तो येईल आणि म्हणेल, काल जास्त बोललो. मग मी म्हणेन, आण ती पुस्तकं. तो आला नाही. मग मी लायब्ररीचं काम सोडलं, मग मुलाकडे राहायला आलो. एका घरात वाढलो आम्ही, एका ताटात जेवलो, आणि दोन आकड्यांवरून बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो. आता लिहिताना लाज वाटते.

तुझी आई गेल्याचं कळलं तेव्हा पत्र लिहायला घेतलं होतं. चार दिवस लिहीत होतो, एकही ओळ धड वाटेना. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला असं वाटलं, आणि उशीर झाला म्हणून टाकलंच नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. तुझी आधी मागतो, त्याची नंतर.

तो कसा आहे हे विचारलं नाही, कारण तू काय लिहिशील याची भीती वाटत होती. आता विचारतो. शिक्का कसा आहे?

मी चामड्याच्या दोन पट्ट्यांवर नवे आकडे उठवून पाठवतो आहे. हात कापतात, सोनं सरळ बसत नाही, म्हणून आठवडा लागेल. पट्ट्या आल्या की त्याच्यासमोर चिकटव. तोवर ते दहावं वाचायला घे. त्याला म्हणावं, दाभणाने चाळीस पानं वाचली.

काका


१९ मे

काका,

तुमच्या पत्राचं उत्तर इतक्या उशिरा देतेय त्याला माझी सर्दी कारण नाही. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना पुन्हा झटका आला. चोवीस दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. तुमचं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं, मी त्यांना वाचून दाखवलेलंच नव्हतं. संध्याकाळी शांतपणे वाचू म्हणून ठेवलं होतं. ते चोवीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसून एकच घोकत होते, हे पत्र पोचायच्या आधी ते गेले तर मी कुणाला तोंड दाखवू.

गेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडून ओळखू लागले. पहिल्यांदा भेटायला सोडलं तेव्हा मी तब्येत विचारली नाही, काही नाही, सरळ पत्र काढलं आणि वाचायला लागले. त्यांनी डोळे मिटले. नर्सला वाटलं झोपले, ती मला उठवायला आली, मी म्हटलं थांबा, हे लक्ष देऊन ऐकताहेत. चहाच्या प्रसंगाशी आले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूने हललं. हसले, काका. अर्धंच तोंड हसतं आता, पण ते हसणंच होतं.

घरी आलो तर पट्ट्यांचं पाकीट पत्रपेटीत पडलेलं. खळ तुम्ही सांगितली तशी पातळ केली. त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर पुस्तकं, आणि त्यांच्यादेखत चिकटवल्या. 'नऊ'चं शेपूट जरा वाकडं उठलंय तुमचं. त्यावरून त्यांनी डावं बोट कितीतरी वेळा फिरवलं. मग दोन्ही पुस्तकं स्वतः उचलून नीट क्रमाने ठेवली. डाव्या हाताने, थांबत थांबत. मी मदत करायला गेले तर हात झटकला.

आता एक गोष्ट, जी मलाही मागच्या आठवड्यातच कळली. नवं नववं संपल्यावर मी लायब्ररीतल्या बाईंना गंमत म्हणून हे सांगायला गेले. त्या म्हणाल्या, अहो, आम्हाला माहीत होतं. वर्षाला एखादा तरी वाचक तक्रार घेऊन यायचा की नऊ आणि दहा उलटे आहेत. दर वेळी त्या म्हणायच्या, साहेब, मी कागदाची चिठ्ठी लावून आकडे बदलते. आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "हात लावू नका. बांधणाऱ्याचं काम आहे. तो येईल तेव्हा करेल." निवृत्तीच्या दिवशीसुद्धा हेच बजावून गेले.

तुम्ही वाट पाहत होतात तसे तेही पाहत होते. दोघांनाही काय म्हणावं ते मला कळत नाही.

आता पुढचं. दुसऱ्या झटक्यानंतर उरलेसुरले शब्दही गेले. 'दहा'सुद्धा नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई आता डाव्या हातात जाड पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेतात. पुस्तकं मात्र चालू आहेत, दुकानातून रजा घेतलीय आणि दिवसभर वाचते. तेरावं परवा संपलं. उरलं चौदावं, ज्यात कप्तान मरतो. मी ते हातात घेतलं तर बाबांनी हात पुढे करून पुठ्ठ्यावर ठेवला आणि दाबून धरला. दोन दिवस असंच. ऐकायचं नाही की मी वाचायचं नाही, कळत नाही. खरं सांगू का, मलाच ते वाचायचं नाहीये. मला वाटतं ते पुस्तक संपलं की काहीतरी संपेल. हे मूर्खपणाचं आहे, मी दिवसभर मापं घेऊन काम करणारी बाई आहे, पण वाटतं तर वाटतं. छापल्या क्रमाने वाचलं असतं तर कप्तान केव्हाच मरून गेला असता आणि शेवटी तरुण, पहिल्या जहाजावर चढताना दिसला असता. मग बाबांचंच बरोबर होतं का?

चौदावं काय करू, सांगा.

खळखाऊ


२७ मे

चि. खळखाऊ,

तुझं पत्र सकाळी आलं. दोनदा वाचलं आणि मुलाला दुकान सांभाळायला सांगून मागे जाऊन बसलो. त्यापुढे काय झालं ते लिहीत नाही.

तो म्हणायचा, बांधणाऱ्याचं काम आहे. बरोबर आहे. बावीस वर्षं माझंच काम पडून होतं.

चौदाव्याचं मला विचारू नकोस. मी ते शेवटी लावलं कारण मला ते कधीच आवडलं नाही. छापून आलं तेव्हा आम्ही दोघं विशीत होतो, एकच प्रत होती, एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची असं ठरलेलं. शिक्क्याने आधी वाचलं आणि तीन दिवस मला ते दिलंच नाही. चौथ्या दिवशी देताना म्हणाला, बसून वाच. नंतर बांधायला आलं तेव्हा मी ठरवलं, जितकं लांब ढकलता येईल तितकं ढकलायचं. त्याचं म्हणणं उलट. वाईट बातमी आधी घ्यावी आणि मग निवांत जगावं. यात कोण बरोबर हे आकड्याने ठरत नाही. नऊ-दहाची गोष्ट वेगळी, तिथे मी सरळसरळ चुकलो होतो.

त्याने हात का ठेवला, हे त्यालाच विचार. पेन्सिल दिली आहे ना त्याच्या हातात?

तू लिहिलं नाहीस, पण मनात असेल, की मी येत का नाही. पाय चांगले आहेत माझे. येऊन करायचं काय? मला ऐकू येत नाही, त्याला बोलता येत नाही. समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहू, आणि तू मध्ये चहा आणत राहशील. आणि त्याने बोलावलं नसताना कुठल्या तोंडाने येऊ? त्याने हाकललं तर तो हाताने हाकलेल, ते मला ऐकू येण्याची गरजच नाही.

सुया जपून ठेव.

काका


५ जून

काका,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. तुमचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, 'चहा आणत राहशील'सकट. मग फळीवर कागद लावला, पेन्सिल दिली आणि विचारलं, "बाबा, चौदाव्याचं काय करायचं?"

तीन सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी एक शब्द झाला आणि घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी मधेच पेन्सिल मोडली, मी दुसरी द्यायला गेले तर तीच टोक काढून हवी होती. आज सकाळी संपलं. मला वाटलं होतं माझ्यासाठी लिहिताहेत. कागदाची घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि तुमच्या पाकिटाकडे बोट केलं. मी वाचलंय, माफ करा. अक्षरं मोठी आहेत, ओळ खाली घसरलीय, पण लागतं. शेवटी काय काढलंय ते ओळखू येत नसेल तर सांगते, तो गोल म्हणजे लायब्ररीचा शिक्का आहे.

कागद सोबत जोडला आहे.

खळखाऊ

(सोबतचा कागद, पेन्सिलीने; शेवटी एक वेडावाकडा गोल)

दाभण
नऊ ठीक
चौदा चूक
ये
भांडू


८ जून

चि. खळखाऊ,

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. ठसे, पुस्तक दाबायचा शिकंजा आणि सोन्याचा वर्ख बरोबर आणतो, सातव्याची शिवणही बघून घेईन. खळ तू कर.

शिक्क्याला म्हणावं, चौदा बरोबरच आहे. मी येईपर्यंत ते कुणी उघडायचं नाही. ते मी वाचणार, त्याच्या शेजारी बसून, मोठ्याने. काय चुकलं ते मला तोंडाने सांगायची गरज नाही. त्याने पानावर बोट ठेवावं, मी तिथे थांबेन.

बाइंडरकाका